पेन्शनरांचा हौद

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, हा रिवाज कुणी काढला कोण जाणे. ज्यानं काढला त्याच्या लेकीचं सासर शेजारच्या गावात असणार, आणि तो थंडीच्या दिवसांत दुपारचा जाऊन दिवेलागणीला घरी परतत असणार. भर उन्हाळ्यात, तासगावच्या बाजूला, महिनाभर लेकीच्या घरी मुक्काम ठोकायची पाळी कुणावर येईल, हे त्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

ती पाळी उंब्रजच्या केरबावर आली.

त्याचं असं झालं. केरबाचे व्याही नानासो हे तासगावच्या अलीकडच्या एका गावातले बऱ्यापैकी बागायतदार. ते बायको-लेक-सुनेला घेऊन काशी-रामेश्वराच्या यात्रेला निघाले. यात्रेची गाडी सांगलीहून सुटायची होती. द्राक्षं उतरली होती, बेदाणा पेट्यांत भरून माडीवर गेला होता, जनावरं मळ्यात गड्याच्या ताब्यात होती. राहता राहिलं गावातलं घर. आणि घर अंधारात ठेवायचं नसतं. मालक काशीला जाऊ दे नाहीतर आणखी कुठं, दिवेलागणीला घरात दिवा दिसला पाहिजे.

"भावकीतल्या कुनाला तरी सांगायचं की," केरबा म्हणाला.

"भावकी दिवा लावंल वो," नानासो म्हणाले, "पर त्या उजेडात घरात काय काय हाय ते बी बघंल."

केरबानं फार आढेवेढे न घेता होकार दिला. त्याला कारण होतं. त्याची लेक हरणाबाई नानासोंच्या लालासाहेबाला देऊन पाच वर्षं झाली होती आणि अजून पाळणा हलला नव्हता. गेल्या संक्रांतीला विहीणबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर सांगून टाकलं होतं, "दिवाळीपतूर वाट बघायची. न्हाईतर लालासायबाला दुसरी बघायची." असं करता येत नाही, कायदा आहे, हे शालूबाईंच्या कानावर आलं होतं. पण कायदा मुंबईत राहतो आणि आपण तासगावात, असं त्यांचं म्हणणं. लालासाहेबाचं म्हणणं काय ते कुणाला माहीत नव्हतं. तो आईसमोर बोलायचा नाही आणि आईमागंही फारसा बोलायचा नाही.

केरबाचा हिशेब सरळ होता. महिनाभर घर असं राखायचं की चमचा इकडचा तिकडं होता कामा नये. ज्या बापानं आपलं घर राखलं त्याच्या लेकीवर सवत आणायला शालूबाईंची जीभ रेटणार नाही. लोकांच्या लेखी केरबा घर राखायला आला होता. केरबाच्या लेखी तो लेकीची जागा राखायला आला होता.

निघताना शालूबाईंनी सूचना दिल्या. "मांजराला दूध घालू नका, सवकंल. माडीवर चढू नका, पायरी मोडकी हाय. आनि पावणं, ह्या कुरडया बघा. वर्साच्या हायत्या. अधनंमधनं बाजंवर घालून ऊन दावा. एक मोडली तर मला कळंल बरं का." मग निरोपाला जमलेल्या भावकीतल्या बायकांकडं नजर टाकून त्यांनी आवाज चढवला, "काय करायचं बाई, पावन्याला तांब्याभर पानी इचारायची बी सोय न्हाई आमाला! पाच वर्सं झाली, इवाय कोरडंच येत्यात आनि कोरडंच जात्यात!"

केरबा आला की शालूबाई हे वाक्य दरवेळी म्हणायच्या. शब्दही बदलायच्या नाहीत. आणि हरणाबाई दरवेळी चुलीकडं तोंड फिरवायची.

सगळे पुढं झाल्यावर हरणाबाई जरा मागं रेंगाळली. "आबा, सोप्यातला रांजण भरून ठेवलाय. प्या की. कोन बघतंय?"

"रिवाज हाय, बाळा. तुज्या आज्ज्यानं बी पाळला."

"आज्ज्याला कुटं म्हैनाभर ऱ्हायाचं हुतं?"

"बापानं रिवाज मोडला की बोल लेकीला लागतो. तुज्यासाठीच पाळतोय न्हवं?"

हरणाबाईनं बापाकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "बरं" म्हणून निघून गेली.

उंब्रजहून आणलेली पाण्याची कळशी केरबानं चहाच्या चमच्यानं औषध प्यावं तशी पुरवली. पण उन्हाळा तासगावचा होता आणि कळशी उंब्रजची. ती संपल्यावर तो पारावर आकारामकडं गेला. आकाराम म्हणजे नानासोंचा चुलतभाऊ आणि गावातला रिवाजांचा जाणकार. लग्न असो, बारसं असो, मयत असो, काय चालतं आणि काय चालत नाही ते आकारामला विचारायचं. तो हे कुठं शिकला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण विचारल्यावर तो इतक्या लगेच सांगायचा की खोटं वाटायचं नाही.

"घरातलं पानी चालत न्हाई," केरबा म्हणाला. "मग तुमच्या घरचं चालंल का?"

"मी नानासोचा सख्खा चुलतभाऊ. माजं पानी त्येच त्येचं पानी."

"खालच्या आळीतलं?"

"ती बी भावकीच."

"पंचायतीच्या नळाचं?"

"नळाच्या हिरीला जागा कुनी दिली? नानासोच्या आज्ज्यानं."

"मग फाट्यावर हाटेलात च्या पितो."

चहावर आकारामनं बराच विचार केला. "च्या मंजी पानीच की पावणं. दूध कितीसं घालतोय त्यो? आनि हाटेलवाला शालूबाईचा मावसभाऊ हाय."

"आवं मग तोंड तरी धुऊ का नको?"

"धुवा की. चूळ चालती. पर हनुवटी खाली धरून भरायची. चुकून गिळली तर मोजनीत येती."

पारावरच्या एकानं शंका काढली की आंघोळ केल्यावर अंगात पाणी मुरतं, त्याचं काय? यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला मुरतं, दुसरा म्हणाला घामावाटं परत जातं, म्हणजे फिटंफिट. केरबानं आंघोळ चालू ठेवली, पण तोंड गच्च मिटून.

शेवटी पाणी शोधून दिलं ते आकारामनंच. ओढ्यापलीकडं गायरानात एक विहीर होती. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खणलेली. "सरकार काय नानासोच्या भावकीत न्हाई," आकाराम म्हणाला. "त्ये पानी बेलाशक प्या. फकस्त तितं राहीबाई हाय. आनि तिचं पेन्शनर."

राहीबाई ही आटपाडीकडची धनगरीण. त्याच दुष्काळात तिची मेंढरं गेली, पाठोपाठ खडीच्या कामावर नवरा गेला. हाताशी राहिली ती एक तांबडी घोडी. तळ हलवताना भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळा संसार जिच्या पाठीवर असायचा ती. घोडी म्हातारी झालेली, बाजारात दात बघून गिऱ्हाइकं हसली. राहीबाईनं तिला परत फिरवलं आणि दोघी या गायरानात राहिल्या. मग हळूहळू बातमी पसरली की तासगावकडं एक बाई म्हातारी घोडी ठेवून घेते. सांगलीत तेव्हा रिक्षा वाढत होत्या आणि टांगे उठत होते. ज्याच्या जिवावर पोरांची लग्नं केली त्या घोड्याला कसायाच्या हाती द्यायला टांगेवाला धजायचा नाही आणि ठेवायलाही परवडायचं नाही. तो इथं येऊन घोडा बांधायचा, कोंड्याचं पोतं टेकवायचा आणि मागं न बघता चालू लागायचा. बागायतदार बागेसाठी लीद घेऊन जायचे आणि जाताना उसाचं वाडं टाकायचे. असं ते ठाणं चाललं होतं. गावानं त्याला पेन्शनरांचं ठाणं नाव दिलं होतं.

केरबा कळशी घेऊन गेला तेव्हा राहीबाई एका घोड्याच्या कानामागचे गोचीड काढत बसली होती.

"पानी पायजे? घ्या की," ती मान वर न करता म्हणाली. "पर आदी हौद भरा. माजी कंबर धरलीया."

"आवं, मी पावना हाय गावात."

"मग बरंच झालं. ती बी पावनीच हाईत."

कोरड्या घशापुढं मान चालत नाही. केरबानं पोहऱ्यानं पाणी ओढून ओढून हौद भरला, तेव्हा कुठं त्याला तांब्याभर पाणी मिळालं. ते इतकं गार आणि गोड होतं की तो दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच यायला लागला. सकाळी दिवा-केर आटोपून एक खेप आणि दुपारी एक खेप. व्याह्याचं घर राखायला आलेला माणूस घोड्यांचा पाणक्या झाला.

हौद भरणं सोपं होतं, घोड्यांना हौदावर आणणं अवघड. बादशा म्हणून एक पांढरा घोडा होता, जन्मभर सांगलीत टांगा ओढलेला. केरबानं त्याला ओढला, ढकलला, चुचकारला, बापजाद्यांची आण घातली. बादशा खांबासारखा उभा.

"तसा न्हाई जायाचा त्यो," राहीबाई लांबनं म्हणाली. "शीट भरल्याबिगर हालत न्हाई. वरडा, 'चला ठेसन, एक शीट!'"

केरबानं इकडंतिकडं बघितलं. गायरानात कुणी नव्हतं. तो हळूच म्हणाला, "चला ठेसन, एक शीट." बादशाचा एक कान हलला. केरबानं घसा साफ केला आणि सांगली स्टँडवर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. बादशा असा काही निघाला की कासरा धरलेला केरबा त्याच्याआधी हौदात पोचला.

तांबडीची वेगळीच तऱ्हा. तिला तळ हलवायची सवय. काही कमी पडलं की ती उठून चालायला लागायची, आणि ती चालली की बाकीचे मुकाट तिच्या मागं. त्यांतला एक आंधळा होता, तो तिच्या पुठ्ठ्यावर हनुवटी टेकून चालायचा.

केरबा शेतकरी माणूस. जनावर दिसलं की त्याच्या तोंडात पहिला प्रश्न येणार तो यायचाच.

"हा पांढरा आता काय कामाचा?"

"पानी पितोय की," राहीबाई म्हणायची.

"आनि ही तांबडी?"

"ही बी पिती."

"आनि त्ये आंधळं?"

"त्ये लय पितंय."

काही दिवसांनी तिनं विचारलं, "पावणं, तुमी ऱ्हाताय तितं आड हाय म्हंत्यात. मग हितवर कशाला पाय तुडवताय?" केरबानं जरा छाती काढूनच सगळं सांगितलं. पाच वर्षं कसा पाळला, एक थेंब कसा घेतला नाही. राहीबाई गोचीड काढत ऐकत होती.

"मंजी पोरीनं आदी नातू द्यायाचा, मग तुमी तिच्या हातचं पानी घेनार."

"रिवाज हाय त्यो."

"असंल. पर माज्या हौदावर असला रिवाज असता तर ही समदी वाळून मेली असती."

केरबाला राग आला. "घोडी आनि मानसं सारखी नसत्यात, म्हातारे."

"न्हाईतच. घोडी कुनाला कोरडं ऱ्हाऊन दावत न्हाईत."

केरबानं कळशी अर्धीच उचलली आणि तडक घरी आला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गायरानाकडं फिरकलाच नाही. सोप्यात हरणाबाईनं भरलेल्या रांजणासमोर मांडी घालून बसला. रांजणाच्या बुडाशी ओल झिरपली होती आणि मुंग्यांची रांग तिथं पाणी प्यायला येत होती. मुंग्यांत लेकीचे बाप नसावेत.

बसल्या बसल्या त्याला शालूबाईंचं ते वाक्य आठवलं. इवाय कोरडंच येत्यात आनि कोरडंच जात्यात. आजवर त्याला वाटायचं, विहीणबाई कडू बोलतात आणि आपण गप्प राहून लेकीला सांभाळतो. आता पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की ते वाक्य बोलायच्या शालूबाई, पण त्यातला माल आपणच पुरवत होतो. दर येण्याला ताजा. आपण कोरडे राहिलो नसतो तर त्या बाईला भावकीसमोर म्हणायला होतं काय? आणि चुलीकडं तोंड फिरवणारी हरणा, ती नक्की कुणापासून फिरवत होती?

हा विचार त्याला काही आवडला नाही. दुपारी तो उठला, गायरानात गेला आणि हौद भरला.  राहीबाईनं तांब्या पुढं केला.

दिवस सरत आले. घरातलं सगळं जागच्या जागी होतं. मांजर सवकलं नव्हतं, माडीची मोडकी पायरी तेवढीच मोडकी होती. मंडळी आज-उद्या येणार होती, आणि त्यातच आकारामच्या लेकाचं, भाऊसोचं, लग्न आलं. नवरदेवाला मांडवात नेण्याआधी घोड्यावर बसवून मारुतीच्या पाया पडायला नेतात. तासगावहून ठरवलेला घोडा काही आला नाही. सकाळ टळायला लागली तसा आकाराम धावतच केरबाकडं आला.

"पावणं, त्यो तुमचा पांढरा पेन्शनर आना बरं. मारुतीपतूर जायाचं नि यायाचं."

केरबानं नुकत्याच कुरडया अंगणात बाजंवर पसरल्या होत्या. पेन्शनरांचा हौद भरायचा होता. पण भावकीला नाही म्हणावं तर बोल हरणाला लागणार. त्यानं अंगणाचं कवाड ओढून घेतलं आणि गेला.

बादशावर झूल चढली, झुलीवर भाऊसो चढला. कपाळाला बाशिंग, हातात कट्यार. ताशा कडाडला, सनईवाल्यानं गाल फुगवले, बायकांनी पदर सावरले. बादशा खांबासारखा उभा.

केरबा त्याच्या कानाशी पुटपुटला, "चला ठेसन, एक शीट." ताशात ते कुठं ऐकू येणार? शेवटी त्यानं डोळे मिटले आणि आरोळी ठोकली.

"काय वरडताय पावणं?" आकाराम भडकला. "नवरदेव हाय त्यो! शीट न्हवं!"

"मग बसू द्या त्येला हितंच."

मुहूर्त तर थांबणार नव्हता. आकाराम दोन पावलं मागं गेला, आजूबाजूला बघितलं आणि रिवाजांचा तो जाणकार खर्जात म्हणाला, "एक शीट." मग करवल्या म्हणाल्या, मग पोरं ओरडायला लागली, मग वाजंत्र्यांनी तालच धरला. वरून बाशिंगाच्या आडून भाऊसोही ओरडला. सगळं वऱ्हाड "चला ठेसन, एक शीट" म्हणत मारुतीकडं निघालं.

मारुतीपर्यंत सगळं ठीक झालं. तिथं थांबायचं, एवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. बादशानं आयुष्यभर एसटीच्या तोंडावर उभं राहून घर चालवलं होतं. त्यानं कान टवकारले आणि मारुतीला उजवी घालून सरळ फाट्याकडं निघाला. वर नवरदेव, कासऱ्याला लोंबकळलेला केरबा आणि मागं वाजंत्री. त्यांना नवरदेवामागं वाजवायचं सांगितलं होतं, तो कुठं चाललाय ते बघायचं सांगितलं नव्हतं.

फाट्यावर बादशा रस्त्याच्या कडेला शिस्तीत उभा राहिला आणि मान वळवून उतारू बघायला लागला. एसटीतून उतरले नानासो. पाठोपाठ गंगेच्या पाण्याचा गडू छातीशी धरून शालूबाई, मग लालासाहेब, मग दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली हरणाबाई.

शालूबाईंनी आधी ताशेवाले बघितले. त्यांना वाटलं यात्रेहून आलो म्हणून आपल्यालाच आणायला आलेत. मग नवरदेव दिसला. मग केरबा.

"पावणं, तुमी हितं? मग घराकडं कोन हाय?"

"घर हाय जागच्या जागी," केरबा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

हरणाबाईनं अवजड पिशवी बादशाच्या पाठीवर भाऊसोच्या मागं टेकवली. आता सवारी भरली. बादशा न सांगता गावाकडं वळला.

वाटेत नानासोंचं घर. अंगणाचं कवाड सताड उघडं. आत तांबडी बाजंपाशी उभी होती आणि तिच्या ओठातून एक शेवटची कुरडई लोंबत होती. आंधळा मानेपर्यंत रांजणात होता. बाकीचे दोघं तुळशीपाशी उरलंसुरलं बघत होते. आज हौद भरलेला नव्हता. तांबडीला काहीतरी कमी पडल्याचं कळलं, तिनं तळ हलवला आणि पाणी देणारा माणूस रोज ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं ती सगळ्यांना घेऊन आली होती. कवाड नाकानं ढकललं की उघडत होतं.

मागनं राहीबाई काठी टेकत, धापा टाकत आली. "माजीच हाईत," ती म्हणाली. "कुरडया मी घालून दीन."

पण शालूबाई तिच्याकडं बघतच नव्हत्या. त्यांनी रिकाम्या बाजंकडं बघितलं, मग केरबाकडं. अंगणात भावकी दाटली होती, वाजंत्री थांबले होते. इतकं आयतं माणूस त्यांच्यापुढं कधी जमलं नव्हतं.

"ह्ये राखलं घर?" त्या म्हणाल्या. "वर्साच्या कुरडया घोड्यांस्नी चारल्या! सोता कोरडा ऱ्हायाचा नि आमचं पानी घोड्यांस्नी पाजायचा! बापाला घर राखाय येत न्हाई आनि लेकीला भराय येत न्हाई. दिवाळी बी कशाला वाट बघायची?"

हरणाबाईनं सवयीनं तोंड फिरवलं. चूल घरात होती, म्हणून ती भिंतीकडं वळली.

केरबानं ते बघितलं. महिनाभर त्यानं जे साठवलं होतं ते तांबडीनं खाल्लं होतं. आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळं त्याला एकदम हलकं वाटलं. घसा मात्र कोरडा ठणठणीत होता. किती ओरडला होता तो.

"हरणे," तो म्हणाला, "पानी आन."

कुणाला ऐकू आलं नाही असं नाही. पण कुणाला पटलं नाही.

"आबा?"

"पानी आन म्हंतोय. ताहान लागलीया."

"पावणं," आकाराम पुढं झाला, "पाच वर्सं पाळलंय. आज उन्हाच्या भरात इचका करू नका. रिवाज मूल झाल्यावर पानी प्यायाचा हाय."

"मला मूल झालंय की," केरबा म्हणाला. "त्ये काय, भितीला हुबं हाय."

 शालूबाईंनी गडू पुढं केला. "ताहानच लागली असंल तर ह्ये गंगंचं घ्या. ह्ये चालतंय. ह्ये आमचं न्हवं."

"न्हाई इनबाई. तुमचंच पायजे."

रांजण आंधळ्यानं तळापर्यंत आटवला होता. हरणाबाई आडाकडं गेली. अंगणात नुसता रहाटाचा आवाज. तिनं तांब्या काठोकाठ भरून आणला, आणि घाईत अर्धा वाटेतच सांडला. केरबानं तो दोन्ही हातांनी घेतला, बापजाद्यांची आठवण काढली आणि घटाघटा प्याला.

मग त्यानं तोंड वाकडं केलं. तांब्यात बघितलं, परत एक घोट घेतला, परत तोंड वाकडं केलं.

"हरणे," तो म्हणाला, "आगं ह्ये मचूळ हाय की!"

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. रडते की काय असं वाटलं, पण तिचे खांदे वेगळेच हलत होते. "मी सांगनार हुते आबा," ती म्हणाली, "पर तुमी कवा पिनार हुता म्हनून…" आणि तिला हसू आवरेना.

"पाच वर्सं," केरबा म्हणाला. "पाच वर्सं ह्येच्यासाठी!"

लालासाहेबानं पुढं होऊन केरबाच्या हातातला तांब्या कुणाला न विचारता घेतला, उरलेला घोट प्याला आणि आईसमोर आयुष्यातलं पहिलं मत दिलं, "मचूळच हाय."

भावकीत कुणीतरी खिदळलं. तेवढं शालूबाईंना पुरलं. कुरडया गेल्या ते त्या सोसत्या, पण भावकीसमोर घरच्या पाण्याला नावं? त्या उसळल्या.

"नुस्तं पानी दिल्यावर मचूळच लागनार! हरणे, हुबी काय ऱ्हायलीस? गुळाचा खडा आन. चांगला पिवळा आन, डब्यातला. पावना पयल्यांदा घरचं पानी पितोय आनि कोरडं देतीस व्हय? लोक काय म्हंतील?"

हरणाबाई घरात पळाली. केरबा सोप्यात टेकला. राहीबाईनं तांबडीच्या गळ्यात दोरी अडकवली, आणि आंधळ्यानं तिच्या पुठ्ठ्यावर हनुवटी टेकवली.

दिवाळीला काय व्हायचं ते दिवाळीला. केरबानं गूळ तोंडात टाकला आणि दुसरा तांब्या मागितला.

कवाडाबाहेर बादशा खांबासारखा उभा होता आणि त्याच्यावर बाशिंग बांधलेला भाऊसो. सगळे त्याला विसरले होते. "आरं मुहूर्त चाललाय!" तो ओरडला. "कुनीतरी शीट म्हना की!"

"थांब गड्या," आतून केरबा म्हणाला, "शीट अजून पानी पितंय."